म्युझियममधली जुनी गोधडी बघायला जाताना

पहिल्यांदा जुनी वस्त्रं बघायची म्हणून मी नागपूरहून रात्रभर गाडीत बसून दुसऱ्या शहरात गेले, सकाळी हॉटेलवर बॅग टाकली, चहासुद्धा न घेता म्युझियमच्या गेटवर हजर झाले, तिकीट काढलं आणि आत गेल्यावर कळलं की कपड्यांचं दालनच बंद. का बंद, तर म्हणे "कपडे बदलणं चालू आहे". मला आधी वाटलं स्टाफचे युनिफॉर्म वगैरे बदलत असतील. मग बाहेर बाकड्यावर बसलेल्या एका गार्डकाकांनी समजावलं की ताई, लावलेली वस्त्रं काढून पेटीत जातात आणि पेटीतली बाहेर येतात, आठ-दहा दिवस लागतात. मी तिथे होते दोन दिवस. तेव्हा दगडी मूर्ती आणि तलवारी बघून परत आले, आणि घरी सगळ्यांनी विचारलं काय पाहिलं तर सांगायला तोंड नव्हतं.

तर हे लिहून राहिले त्यामागचं कारण हे. तुमची चक्कर अशी वाया जाऊ नये.

आधी ते कपडे बदलणं काय असतं ते सांगते, कारण ते कळलं की पुढचं बरंच आपोआप कळतं. दगड, पितळ, मातीची भांडी वर्षानुवर्षं एका जागी ठेवली तरी त्यांचं फारसं बिघडत नाही. कापडाचं तसं नाही. उजेडाने रंग उडतो आणि धागाही ठिसूळ होतो, आणि झालेलं नुकसान साठत जातं, म्हणजे कापड नंतर दहा वर्षं अंधारात ठेवलं तरी गेलेला रंग परत येत नाही. म्हणून चांगल्या म्युझियममध्ये एखादी जुनी रजई किंवा शाल काही महिने लावतात आणि मग लांबच्या विश्रांतीला पाठवतात. उजेडही अगदी मंद, साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) आसपास ठेवतात. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी सीताबर्डीवर उभं राहिलं तर लाखभर लक्स अंगावर पडतात, त्यावरून अंदाज करा.

याचा अर्थ तुम्ही फोटोत बघितलेली वस्तू तुम्ही जाल त्या दिवशी भिंतीवर असेलच असं नाही. म्हणून तिकीट काढायच्या आधी, ट्रेनचंसुद्धा, फोन करा. नुसतं "म्युझियम चालू आहे का" विचारू नका, त्यावर "हो" एवढंच ऐकू येईल. कपड्यांचं दालन चालू आहे का, पूर्ण का अर्धं, आणि अमुक एक वस्तू सध्या लावली आहे का, असे तीन प्रश्न वेगवेगळे विचारा. वेबसाइटवरच्या टायमिंगवर माझा तरी भरवसा नाही. फोन उचलत नसतील तर ईमेल करा, तेही सोमवारी नको, बऱ्याच ठिकाणी सोमवारी सुट्टी असते. पण सगळीकडे सोमवारच असतो असंही नाही, हैदराबादचं सालारजंग शुक्रवारी बंद असतं आणि अहमदाबादचं कॅलिको बुधवारी. आमच्या ओळखीतले एक जण शुक्रवारी सालारजंगला पोचले आणि मग चारमिनारला बांगड्या घेऊन आले.

आता नागपूरहून कुठे कुठे जाता येतं ते बघू. गावात आपला अजब बंगला आहे, १८६३ सालचा, लहानपणी शाळेच्या सहलीत सगळ्यांनीच पाहिलेला. गोधड्या बघायच्या म्हणून तिथे जाऊ नका. पण सराव म्हणून जरूर जा, कारण म्युझियममध्ये हळू चालायची सवय ही सवयच असते, आणि लेबल वाचणं, काचेवरच्या चमकेतून वस्तू शोधणं, एका जागी दहा मिनिटं उभं राहणं, हे घराजवळ शिकता येत असेल तर त्यासाठी अहमदाबादला जायची काय गरज.

खरं जवळचं ठिकाण म्हणजे वर्ध्याचं मगन संग्रहालय. मगनलाल गांधींच्या नावाने आहे, १९३८ साली गांधीजींच्या हस्ते सुरू झालं, तिथे चरख्यांचे प्रकार आणि खादी बघायला मिळते. गोधडी बघायच्या आधी हे बघावं असं माझं स्पष्ट मत आहे. कापूस, पेळू, सूत, कापड हा प्रवास डोळ्यांसमोरून गेला की नंतर जुन्या कापडातला हाताने कातलेला धागा ओळखायला सोपं जातं, तो जाड-बारीक होत जातो, मध्येच गाठ येते. सकाळच्या गाडीने गेलात तर सेवाग्राम करून संध्याकाळी घरी. डबा घेऊन जा.

हैदराबादचं सालारजंग दोन दिवसांत होतं. तिथे कपड्यांचं दालन आहे पण बाकी पसारा इतका अफाट आहे की माणूस घड्याळाचा ठोका बघायला गर्दीत उभा राहतो आणि कपड्यांपर्यंत पोचेस्तोवर पाय गळून जातात. माझं ऐका, आत गेल्या गेल्या सरळ कपड्यांकडे जा, घड्याळ परत येताना बघा. मुंबईला गेटवेजवळचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे, तिथेही वस्त्रांचं दालन आहे. पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालय, ते मला सगळ्यात घरचं वाटतं, कारण तिथे अडकित्ते, दिवे, समया, फण्या असं संसारातलं सामान आहे आणि त्यातच वस्त्रं, त्यामुळे हे कापड वापरणारी बाई कशी राहत असेल ते डोळ्यापुढे येतं. दिल्लीला राष्ट्रीय संग्रहालय आणि हस्तकला संग्रहालय आहेच.

पण कापडासाठी एकच जागा बघायची असेल तर अहमदाबादचं कॅलिको म्युझियम. १९४९ साली गौतम आणि गिरा साराभाई या भावाबहिणीने सुरू केलेलं, आता शाहीबागेत साराभाईंच्या जुन्या बंगल्याच्या आवारात आहे. तिथले नियम कडक आहेत आणि लोक त्याच्यावर खूप चिडतात. आधी बुकिंग लागतं, रोज मोजकीच माणसं आत सोडतात, गाइडसोबतच फिरायचं, मोबाइल-बॅग बाहेर ठेवायची, फोटो अजिबात नाही, दहा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. म्हणजे लेकराला घेऊन गेलात तर एकाला बाहेर बसावं लागेल, हे आधीच घरात ठरवून घ्या, गेटवर भांडू नका. मलाही आधी राग आला होता पण आत गेल्यावर पहिल्या पाच मिनिटांत गेला, कारण हातात मोबाइल नसला की माणूस बघतो. बुकिंग आधी आणि ट्रेन नंतर, उलट केलं की फसलात.

परदेशातलं बघायचं असेल तर घरी बसून बघा, फुकट आहे. अमेरिकेत नेब्रास्का राज्यात लिंकन नावाच्या गावात फक्त गोधड्यांचं म्युझियम आहे, इंटरनॅशनल क्विल्ट म्युझियम, तिथल्या विद्यापीठाचं, १९९७ साली एका जोडप्याने आपल्या साडेनऊशेच्या आसपास गोधड्या दिल्या त्यातून उभं राहिलं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडे चौदाव्या शतकातली सिसिली बेटावरची एक रजई आहे, साधारण १३६० ते १४०० मधली, त्यात कापडाला फुगवटे आणून ट्रिस्टन नावाच्या शूरवीराची गोष्ट काढली आहे, म्हणजे आपल्याकडे ज्ञानेश्वर महाराज होऊन जेमतेम शंभरेक वर्षं झाली होती तेव्हाची. सातगाव रजया पण शोधा, बंगालमध्ये सोळाव्या-सतराव्या शतकात पोर्तुगीजांसाठी बनवायचे, पांढऱ्या सुती कापडावर पिवळसर रानरेशमाने साखळी टाक्याची नक्षी. रानरेशीम म्हणजे आपल्या भंडाऱ्याच्या कोशाचंच गोत. या वस्तू ऑनलाइन झूम करून बघायची सवय लावा. प्रत्यक्षात काच आणि अंधार असतो, झूम नसतो, त्यामुळे काय शोधायचं ते आधी माहीत असलेलं बरं.

निघताना काय न्यायचं ते थोडक्यात. पेन्सिल आणि छोटी वही, पेन नको, बऱ्याच ठिकाणी वस्तूंजवळ पेन काढू देत नाहीत आणि ते बरोबरच आहे, शाईचा डाग कोण काढणार. एक शाल किंवा स्टोल, कारण एसी जोरात असतो आणि आपण नागपूरकर उन्हाळ्यात नुसत्या कॉटनच्या कुर्त्यात निघतो. चष्मा जवळचा आणि लांबचा दोन्ही. पाण्याची बाटली बाहेरच ठेवावी लागेल. आणि कडक अत्तर-बित्तर लावून, खांद्यावर मोठी झोळी अडकवून जाऊ नका, वळताना काचेवर आपटते आणि गार्ड मग तुमच्या मागे मागे फिरतो.

आत गेल्यावर लगेच बघायला सुरुवात करू नका. हे ऐकायला येडपटासारखं वाटेल पण बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्याला त्या मंद उजेडात पहिली काही मिनिटं सगळं तपकिरीच दिसतं. लोक म्हणतात "काय अंधार करून ठेवलाय, लाइट बिल वाचवून राहिले का" आणि पुढे जातात. दहा मिनिटं बाकावर बसा. मग हळूहळू तपकिरीतून लाल निघतो, मग निळा, आणि ज्याला तुम्ही काळा समजत होता तो गर्द जांभळा निघतो. ही दहा मिनिटं मी आता कधीच सोडत नाही.

मग पूर्ण दालनात एक चक्कर मारा, न थांबता, लेबल न वाचता. यात पाच-सहा वस्तू तुम्हाला ओढतील. तेवढ्याच बघायच्या. बाकीच्या सोडून द्या, पैसे वसूल करायचे म्हणून चाळीस वस्तूंपुढे तीस-तीस सेकंद उभं राहिलात तर रात्री एकही आठवणार नाही.

आता एक वस्तू घ्या, समजा एक जुनी गोधडी आहे. पहिल्यांदा लांबून बघा, पूर्ण. मग जवळून. आणि मग बाजूने, हे कोणी सांगत नाही. मला त्याच गार्डकाकांनी सांगितलं, दुसऱ्यांदा गेले तेव्हा, "समोरून नका पाहू, इकडे कोपऱ्यात या". कोपऱ्यातून तिरका उजेड पडतो ना, त्यात टाक्यांच्या ओळी एकदम उठून दिसल्या, नांगरलेल्या वावरासारख्या. समोरून ते कापड सपाट दिसत होतं, बाजूने बघितल्यावर कळलं की बाईने मध्ये कुठेतरी दिशा बदलली आहे, आतापर्यंत कडेकडेने शिवत आली आणि मग आडव्या ओळी सुरू केल्या. का केल्या असतील? कंटाळली असेल, किंवा दुसरी बाई मदतीला बसली असेल, कारण तिथून टाकेही मोठे झाले होते. मी तिथे वीस मिनिटं होते.

नक्षीकडे सगळ्यात शेवटी जा. आधी कडा बघा. जुन्या हातमागावर धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारं साधन, एका हाताने फेकून दुसऱ्या हाताने झेलायचा, त्यामुळे कापडाचा पन्हा विणकराच्या हातांच्या पसाऱ्याएवढाच. म्हणून जुन्या मोठ्या चादरी, पलंगपोस बघितले तर दोन किंवा तीन पट्ट्या जोडलेल्या असतात, आणि तो जोड शोधणं ही मोठी गंमत असते, कारण शिवणारी नक्षीत तो लपवायचा प्रयत्न करते. एकदा जोड दिसला की मग काठ बघा. गोधडी जुन्या लुगड्यांची असेल तर काठाचा तुकडा कुठेतरी डोकावतो. आपल्या विदर्भातली करवती काठाची साडी ओळखायला सोपी, काठाला करवतीच्या दातांसारखे टोकदार दात असतात. बंगालच्या कांथ्यात, म्हणजे तिकडच्या गोधडीत, तर जुन्या साडीच्या काठातून रंगीत धागे उसवून काढून त्यांनीच वर भरतकाम करायच्या, म्हणजे काठ कापड म्हणून दिसत नाही, दोरा म्हणून दिसतो. कर्नाटकातल्या कारवारकडच्या सिद्दी समाजाच्या बायका कौंदी नावाची गोधडी बनवतात ती बाहेरच्या कडेपासून शिवत शिवत मध्यात येतात, आणि चार कोपऱ्यांवर घडी घातलेले तिकोनी तुकडे लावतात त्यांना फुलं म्हणतात. फुलं नसलेली कौंदी म्हणजे त्यांच्या लेखी उघडीबोडकी. हे माहीत असलं की कोपऱ्यापासून बघायला सुरुवात कराल.

रंगांकडे आता बारकाईने. जुन्या छापील किंवा रंगवलेल्या कापडावर निळी पानं दिसली की लोक म्हणतात काय कल्पना आहे, निळी पानं. कल्पना वगैरे काही नाही. हिरवा रंग एका झटक्यात मिळत नव्हता, निळीवर पिवळा चढवून हिरवा करायचे, आणि झाडांपासून केलेला पिवळा उजेडात सगळ्यात आधी उडतो. पिवळा गेला, नीळ राहिली, पानं निळी झाली. कुठेतरी घडीच्या आत किंवा शिवणीखाली थोडा हिरवा शिल्लक असतो, तो शोधा, सापडला की जाम आनंद होतो.

काळ्याचं वेगळंच दुखणं. गंजलेलं लोखंड आणि गूळ आंबवून काळा करायचे, हिरड्यावर तो धरायचा. पण तेच लोखंड हळूहळू धागा खातं. म्हणून जुन्या वस्त्रात लाल फूल शाबूत आणि त्याची काळी बाह्यरेषा मात्र जाळी होऊन गळून गेलेली, असं दिसतं. लोकांना वाटतं उंदराने कुरतडलं. उंदीर रेषा धरून कुरतडत नाही हो. लालाचं म्हणाल तर तो बहुतेक टिकतो, मंजिष्ठेचा किंवा आल नावाच्या झाडाच्या मुळ्यांचा, तुरटीवर बसवलेला. आल आपल्याकडे मध्य भारतात पूर्वी शेतात लावायचे.

भडक जांभळा किंवा झगझगीत गुलाबी दिसला तर थांबा आणि लेबलावरचं साल बघा. रसायनातून केलेला पहिला गाजलेला रंग, जांभळा, विल्यम पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या पोराने १८५६ साली लंडनमध्ये काढला, त्याला खरं तर मलेरियाचं औषध बनवायचं होतं. म्हणजे असा कृत्रिम रंग असलेलं कापड त्याच्या आधीचं असूच शकत नाही. कृत्रिम नीळ बाजारात यायला तर १८९७ उजाडलं. टाक्यांचंही तसंच. मशीनचा टाका अगदी सारखा, दोन्ही बाजूंनी एकच, हातचा कधी तांदळाएवढा कधी गव्हाएवढा. पण मशीनचा टाका दिसला म्हणून लगेच "हे जुनं नाही" असं मोठ्याने म्हणू नका, मी म्हटलं होतं आणि शेजारच्या बाईंनी शांतपणे दाखवलं की तेवढं ठिगळच नंतर लावलं आहे.

झीज कुठे आहे ते बघाच. पांघरूण असेल तर वरची कड, जिथे गळ्याशी ओढतात, ती जास्त विरलेली असते. मध्यभागी गोल डाग असेल तर ते बहुधा पांघरूण नव्हतं, बाळाला खाली अंथरायची दुपटी असावी. घडीच्या रेषांवर सरळ फाटलं असेल तर वापरून फाटलं नाही, पेटीत पडून फाटलं. आणि युरोपातलं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाचं रेशीम असेल, उभं उभं चिरत गेलेलं, तर त्यात लबाडी आहे. रेशीम वजनावर विकायचे म्हणून त्यात कथलाचे क्षार मुरवायचे, आणि तेच पुढे धाग्याला फोडतात. व्यापारी सगळीकडे सारखेच.

हात लावू नका हे सगळेच सांगतात पण का ते कोणी सांगत नाही. घामातलं मीठ आणि हाताचं तेल धाग्यात मुरतं, आज काही दिसत नाही, काही वर्षांनी तिथेच पिवळा डाग उठतो. आपल्याला हातात घेतल्याशिवाय कापड कळत नाही हे मला मान्य आहे, गांधीबागेच्या कापडबाजारात आपण बोटांत चुरगळल्याशिवाय मीटरभर अस्तर घेत नाही. काही म्युझियममध्ये हाताळायला वेगळे नमुने ठेवलेले असतात, विचारा. नाहीतर परतीच्या वाटेवर कुठल्यातरी हातमागाच्या दुकानात जाऊन बोटांची हौस भागवा. फोटोला परवानगी असली तरी फ्लॅश बंद, आणि तो बंद आहे हे आत जाण्याआधी बघा, आत गेल्यावर पहिला फोटो लख्ख उडतो आणि सगळे वळून बघतात.

लेबलाकडे शेवटी या. त्यात वस्तू, जागा, काळ, कशाचं कापड, आणि खाली एक बारीक नंबर असतो. त्या नंबराचे पहिले चार आकडे पुष्कळदा ती वस्तू म्युझियमकडे कोणत्या साली आली ते सांगतात, म्हणजे कापड १८५० चं आणि आलं १९६२ ला, तर मधली शंभरेक वर्षं ते कोणाच्यातरी घरात होतं. काळाच्या आधी "सुमारे" असेल तर तो अंदाज समजा. आणि जे लिहिलेलं नसतं ते म्हणजे शिवणारीचं नाव. राजाच्या शालीवर राजाचं नाव असतं, गोधडीवर काहीच नाही.

एक अपवाद मला पाठ आहे. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात हॅरिएट पॉवर्स नावाची बाई होती, जन्माने गुलाम. तिने बायबलमधल्या गोष्टी कापडाचे तुकडे लावून एका गोधडीवर काढल्या, १८८६ च्या कापसाच्या जत्रेत ती लोकांनी बघितली. एक चित्रकार बाई विकत मागत होती, हिने दिली नाही. पुढे घरात अडचण आली तेव्हा दहा डॉलर मागितले आणि पाचच मिळाले. देताना तिने एकेका चित्राचा अर्थ सांगितला, तो लिहून घेतला गेला, आणि नंतर ती आपली गोधडी बघायला पुन्हा पुन्हा त्या बाईकडे जायची. आज ती गोधडी वॉशिंग्टनला स्मिथसोनियनमध्ये आहे. अर्थ सांगून ठेवला म्हणून आज लेबलावर काहीतरी आहे.

सोबत कोणाला न्यायचं? शक्य असेल तर घरातली सगळ्यात म्हातारी बाई. मी एकदा आजीला नेलं होतं, व्हीलचेअर आधी फोन करून सांगून ठेवली होती. मी तिला पिवळा रंग कसा उडतो वगैरे समजावून सांगत होते, ती काही ऐकून नाही राहिली. एका गोधडीपुढे थांबली आणि म्हणाली, "हे डाव्या हातानं शिवलं हाय." मी म्हटलं कशावरून. तर म्हणे, "टाका पाय ना कुकडं वयते ते." म्हणजे टाका कुठे वळतो ते बघ ना. "आन् हे ठिगय मागून लावलं, पोट्टं मुतलं असन तिथं." शेजारी उभ्या असलेल्या दोन कॉलेजच्या मुली हसायच्या थांबल्या आणि वहीत लिहून घ्यायला लागल्या. लेबलावर यातलं काही नव्हतं. मुलांना नेत असाल तर त्यांना एकच काम द्या, प्रत्येक वस्तूत चूक शोधायची, उलटं लावलेलं ठिगळ, अर्ध्यात संपलेला दोरा. मुलं चुका शोधण्यात आपल्याहून हुशार असतात.

अजून आत शिरायचं असेल, म्हणजे तुम्ही शिवता, विणता, शिकता, काही लिहिता, तर क्युरेटरला, म्हणजे संग्रह सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला, महिनाभर आधी पत्र लिहून स्टोअरमधली वस्तू बघायची परवानगी मागता येते. "गोधड्या बघायच्या आहेत" असं मोघम लिहिलंत तर उत्तर येणार नाही. नंबर द्या, कारण द्या, मागची बाजू का बघायची आहे ते लिहा. गोधडीची खरी बाजू मागचीच, गाठी तिथे असतात, पण भिंतीवर ती कधीच दिसत नाही.

परत आल्यावर दोन-तीन दिवसांत घरची पेटी उघडा, तोपर्यंत डोळा ताजा असतो. गोधडी म्हणा, वाकळ म्हणा, शेजारच्या हिंदी बोलणाऱ्या काकूंची कथरी म्हणा, कुठेतरी एक असतेच. तिला वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका. प्लास्टिकच्या पिशवीतून काढा, पावसाळ्यात आत दमट होऊन बुरशी धरते. जुन्या धुतलेल्या मलमलच्या कापडात गुंडाळा, डांबराच्या गोळ्या थेट कापडावर नको, आणि दर वेळी घडी वेगळ्या जागी घाला. जागा असेल तर घडी न घालता गुंडाळीच करा. फ्रेम करून हॉलमध्ये खिडकीसमोर लावायची हौस असेल तर वर सांगितलेला उजेडात उडणारा पिवळा आठवा.

आमच्या पेटीत निघाली ती आजीच्या सासूच्या लुगड्यांची, वरच्या थरात एक करवती काठाचा हातभर तुकडा, आणि आत कसलं तरी जाड पांढरं कापड, ते आजी म्हणते एम्प्रेस मिलचं आहे, तिचे सासरे तिथे होते. मी एक पांढरी कापडाची पट्टी घेतली, पेन्सिलने त्यावर पणजीचं नाव, गाव आणि "डावा हात" एवढं लिहिलं आणि मागच्या बाजूला चार सैल टाके घालून लावली. आजी बघत होती, म्हणाली, टाके लय मोठे घातले.